उंबरदांडला कुणी राहत नाही

मंगल मरगळेचा राग हिर्डोशीच्या खोऱ्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. ती तराजूसमोर उभी राहिली की दुकानदाराचा हात आपोआप सरळ व्हायचा. एकदा पाण्याच्या टाकीची पाहणी खालच्या गावातूनच उरकून निघालेल्या साहेबाला तिने सगळी चढण चढून वर यायला लावलं होतं. तो धापा टाकत वर पोचल्यावर त्याला बसायला घोंगडं टाकलं, तांब्याभर ताक दिलं, आणि मग टाकी दाखवली. टाकीला भेग होती. साहेबाने भेग बुजवून दिली आणि पुढे कधी खालूनच पाहणी केली नाही. तिचा नवरा सोनबा अशा वेळी लांब उभा राहून तंबाखूची चंची सोडायचा. मंगल चढत्या आवाजात बोलायची, काम व्हायचं, राग उतरायचा, आणि संध्याकाळी ती शेजारच्या रतनबाईच्या ओट्यावर बसून त्याच साहेबाच्या चालण्याची नक्कल करायची.

पण गेल्या चैत्रात आलेला तिचा राग उतरला नाही.

उंबरदांड ही हिर्डोशीच्या वर, वरंधा घाटाच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर वसलेली धनगरांची वाडी. पाच-सहा घरं, तीही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. गाई, म्हशी, थोड्या शेळ्या, उतारावर नाचणीचे तुकडे. रस्ता नाही. कारवीच्या झुडपांतून वर गेलेली पायवाट आहे. वैशाखात वरचे झरे आटले की सगळी वाडी जनावरं घेऊन खाली धरणाच्या पाण्याकडे उतरते, खोपटं बांधून राहते, आणि पाऊस लागला की परत चढते. तेवढे दिवस वरच्या घरांना कड्या असतात. आता शाळेला सुट्टी लागली म्हणून शाळा ओसाड पडली असं कोणी म्हणत नाही. पण उंबरदांडच्या बाबतीत कोणीतरी तसं म्हटलं होतं, आणि वाडीला त्याचा पत्ताच नव्हता.

चैत्रातली भैरवनाथाची जत्रा होती. अजून झरे वाहते होते, म्हणून जनावरं वरच होती. वाडी जत्रेला खाली गेली. मंगलही गेली. सोनबा गुरं घेऊन पलीकडच्या डोंगरदांडावर होता. गुडघे धरलेले म्हणून मंगलची सासू बनाबाई तेवढी घरी राहिली. म्हातारीला ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मंगल परत आली, तेव्हा तिच्या अंगणातून धूर निघत होता. पुण्याहून आलेली चार-पाच पोरं-पोरी तिथे चहा करत होती. तंबूची दोरी तुळशीला बांधली होती. चुलीत जळत होतं ते वासरांच्या गोठ्याचं दार. सोनबाने ऐनाच्या लाकडाच्या फळ्या जोडून केलेलं दार. अर्ध्या फळ्या जळाल्या होत्या, उरलेल्या फोडून ठेवल्या होत्या. बनाबाई घराच्या उंबऱ्यात काठी आडवी धरून बसली होती, जणू अजून कोणी आत शिरणार होतं.

"कुणाला इचारून हात लावलासा?" मंगलने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला ओळखणारा कोणी असता तर तेवढ्यावरूनच चार पावलं मागे सरला असता.

"सॉरी मावशी," एक चष्मेवाला पोरगा उठून उभा राहिला. "आम्हाला खरंच माहीत नव्हतं. इथे कोणी राहत नाही म्हणून आम्ही आलो. काल दार लोटलं तर आत आजी. आम्हीच घाबरलो."

"कोण ऱ्हात न्हाई म्हनून कोण म्हनलं तुमाला?"

"मोबाईलने सांगितलं."

मंगलला वाटलं पोरगा थट्टा करतोय. तो तिला अंगणाच्या टोकाच्या कातळावर घेऊन गेला, कारण रेंज तेवढीच तिथे येते. त्याने मोबाईलला तोंडाने विचारलं, आणि मोबाईलमधून एका बाईचा गोड, स्वच्छ आवाज आला. उंबरदांड ही भोर तालुक्यातील निर्मनुष्य वस्ती आहे. पाण्याअभावी येथील ग्रामस्थ अनेक वर्षांपूर्वी कायमचे स्थलांतरित झाले. येथील पडकी घरे पर्यटकांना आकर्षित करतात.

"ह्या बाईला इचार," मंगल म्हणाली, "दारात म्हातारी बसलीय ती कोन."

"ती बाई नाही मावशी. कॉम्प्युटर आहे."

"मग कॉम्प्युटरला इचार."

पोराने मोबाईल खिशात घातला.

मंगलने त्यांना जाऊ दिलं नाही. कोयता दिला आणि कारवी तोडायला लावली. दुपारपर्यंत त्या पोरांनी आपल्या मऊ हातांनी कारवीचा एक कूड विणला आणि दाराच्या जागी बांधला. कूड वाकडा झाला, पण पोरांनी अंग चोरलं नाही. जाताना बनाबाईच्या पाया पडली. मंगलला तेव्हा वाटलं, झालं ते झालं.

तीन-चार दिवसांत बिबट्या आला. सकाळी सोनबाला कूड एका अंगाला दाबून पडलेला दिसला, आणि गोठ्यात मोरी नव्हती. मोरी म्हणजे त्यांच्या तांबड्या गाईची कालवड, कपाळावर पांढरे ठिपके असलेली. ओढत नेल्याची खूण ओढ्यापर्यंत गेली होती. वनखात्याचा गार्ड भला माणूस, खालून चढून आला, पंचनामा करून गेला. पण गाईला पंचनामा कळत नव्हता. ती रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून हंबरायची. मंगल धार काढायला बसली की पान्हा चोरायची, आणि मंगल तिच्या पोटाला कपाळ टेकून नुसती बसून राहायची.

त्यातच रतनबाईचा जावई वर आला आणि त्याने मोबाईलवर त्याच पोरांनी टाकलेला एक व्हिडिओ दाखवला. दार लोटलं जातंय, अंधारात पांढऱ्या केसांची बनाबाई घोंगडीतून उठून बसतेय, कोणीतरी किंचाळतंय, मग सगळे हसतायत. वर नाव दिलं होतं, भुताच्या वाडीतली आजी. बनाबाईने मोबाईल डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"ही म्याच हाय का?" तिने विचारलं.

जावयाने मोबाईल हळूच काढून घेतला. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

"त्या कॉम्प्युटरला सांगितलं कुणी?" मंगल सोनबाला म्हणाली. "आपल्या मनानं तर बोलत नसंल. कुणीतरी शिकिवलं असंल की."

आणि हे बोलता बोलता ती थांबली, कारण कॉम्प्युटरला शिकवणारं एक माणूस तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिची थोरली, स्वप्नाली. भोरच्या कॉलेजात पदवी झाल्यावर नसरापूरला एका ऑफिसात लागली होती. इतर मुलींबरोबर खोली करून राहायची. काय काम करतेस, असं विचारलं की म्हणायची, आम्ही कॉम्प्युटरला शिकवतो. मंगलला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण जत्रेत भेटेल त्याला तिने हे सांगितलं होतं. मास्तरीण झाली म्हणा की, असं एकजण म्हणाला, तेव्हा ती हसून हो म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती उतरली. हिर्डोशीहून एसटीने भोर, भोरहून वडापच्या जीपने नसरापूर. बरोबर तुपाचा डबा होता. ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात चपलांची रांग. आत थंडगार खोलीत दहा-बारा पोरी पडद्यांसमोर मान घालून बसलेल्या. तिथला मुख्य गोरख म्हणून नसरापूरचाच तरुण होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. स्वप्नाली आईला पाहून आधी हसली, मग आईचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं.

मंगलने झालेलं सगळं सांगितलं. मोरीचं ऐकताना पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मंगल तिथे थांबली नाही.

"आता तुजं काम काय ते मला नीट सांग. मला समजंल असं."

स्वप्नाली हळू आवाजात सांगू लागली. "आई, लोक नेटवर जे काय लिहित्यात ते सगळं कॉम्प्युटर वाचतो. रातध्याड वाचतो, थकत न्हाई. वाचता वाचता त्यातनं एकेक गोष्ट येचून काढतो. ह्यो डोंगर ह्या तालुक्यात, त्या गावात ती जत्रा. मग ते आमच्याम्होरं येतं. लेखात तसं लिहिलंय का, एवढं आमी बघतो. लिहिलं असंल तर बरोबर, नसंल तर चूक. त्यावरनं त्यो शिकतो."

"आन् लेखच खोटा असंल तर?"

"ते आमच्याकडं नसतं."

"मग कुनाकडं असतं?"

स्वप्नालीने गोरखकडे पाहिलं. गोरख चहाच्या कपाकडे पाहत होता.

"आपल्या वाडीचं आलं हुतं का तुज्याम्होरं?" मंगलने विचारलं.

पोरीने खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. आईला काय कळणार होतं. पण ती खोटं बोलली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "आलं हुतं. उंबरदांड निर्मनुष्य हाय म्हनून."

"मग?"

"बरोबर केलं."

खोलीतल्या पोरींचे हात थांबले होते.

"लेखात तसंच लिहिलं हुतं आई. आपल्याला काय म्हाईत हाय ते धरायचं न्हाई असा नियम हाय. म्या एकटीच न्हाई, दुसरीनंबी बरोबर केलं. दोघींचं जुळलं की पुढं जातं."

"दुसरीला म्हाईत नव्हतं. तुला म्हाईत हुतं."

स्वप्नाली मग खाली बघत म्हणाली, "शंका हाय असं एक बटण असतं. ते दाबलं तर सर इचारत्यात, तुला कसं ठाऊक. मग सांगावं लागलं असतं." पुढचं ती जवळजवळ पुटपुटली. "हितं म्या भोरची हाय असं सांगितलंय."

मंगलच्या डोक्यात तेव्हा काय उसळलं ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. पुण्याच्या त्या पोरांवर ती रागावली होती, पण ती पोरं परकी होती. मोबाईलमधली गोड आवाजाची बाई तर बाईच नव्हती. बिबट्यावर कोण रागावणार. आणि इतके दिवस ज्याला शोधत होती ते माणूस समोर बसलेलं, तिच्याच पोटचं. पोरीला मारायला तिचा हात उठला नाही. ती उभी राहिली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ही पोरगी उंबरदांडची हाय. धनगराची हाय. हिची नाळ तिथं पुरलीया. कुनाला काय इचारायचं असंल तर मला इचारा, म्या हितं उभी हाय."

गोरख समजावू लागला. "मावशी, तुमचं बरोबर आहे. पण इथून आम्हाला ते बदलता येत नाही. कंपनी लांब आहे, आम्ही फक्त तपासतो. ज्यांनी ते लेख लिहिलेत त्यांनी दुरुस्त केले पाहिजेत. मग कॉम्प्युटर पुन्हा वाचेल तेव्हा..."

"म्हंजी हितं ऱ्हानाऱ्यानं सांगितल्यालं चालत न्हाई. येऊन फोटू काढून गेल्याला सांगंल ते चालतं."

"तसं नाही मावशी."

"मग कसं?"

मंगल जिना उतरली. लेकीसाठी आणलेला तुपाचा डबा तिने पिशवीतच ठेवला आणि तसाच परत नेला.

वैशाखात वाडी खाली धरणाकडे उतरली. तिथे खोपटातही रेंज यायची, पण स्वप्नालीचा फोन आला की मंगल तो सोनबाकडे द्यायची. सोनबा बोलायचा, आणि मंगल चुलीपाशी भांडी आपटत ऐकायची. स्वप्नालीने तो पहिला लेख शोधून काढला होता. पुण्यातला कोणी डोंगरभटक्या एका मे महिन्यात वाडीवर येऊन गेला होता. कड्या लावलेली घरं, मोकळे गोठे पाहून त्याने भुताची वाडी म्हणून मोठा रसभरित लेख लिहिला. पाणी नव्हतं म्हणून माणसं गेली, हे त्याने आपल्या अंदाजाने लिहिलं. मग त्याच्यावरून दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. एकाने तर एक म्हातारी अजून रात्री रडते, असंही घातलं. कॉम्प्युटरने सगळे लेख वाचले आणि इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी, असं धरलं.

स्वप्नालीने त्या भटक्याला फोन केला. मी जे पाहिलं तेच लिहिलं, असं तो म्हणाला. वेळ मिळाला की बघतो म्हणाला. आणि महिन्याभराने त्याने लेखाच्या खाली एक ओळ टाकली, की काही धनगर अधूनमधून येथे येतात असे कळते.

हे सोनबाने सांगितलं तेव्हा मंगल नाचणीचं पीठ मळत होती.

"अधूनमधून," ती म्हणाली, आणि परातीतून हात काढून तशीच बाहेर जाऊन उभी राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाला वाडी परत वर चढली आणि त्याच आठवड्यात स्वप्नाली रजा काढून आली. आईने तिच्यापुढे भाकरी ठेवली, पण शब्द बोलली नाही. पोरगी घरोघर फिरली. कोण कोण राहतं, कोणाचा जन्म कधीचा, उन्हाळ्यात कुठे उतरतात, कधी चढतात, सगळं विचारत होती, फोटो काढत होती. रतनबाईच्या ओट्यावर बसली असताना रतनबाई म्हणाली, पूर्वी म्हणे हितं जास्त घरं हुती, काय की पटकीची साथ आली नी मानसं गेली.

"पटकी न्हवं," पाणी घेऊन वाटेने चाललेली मंगल ओरडली. "धरान झालं तवा दोन घरं खाली गेली. कायबी सांगू नको तिला. ती लिवती नी मग जगाला त्येच खरं वाटतं."

मग तिलाच राहवलं नाही. ती आली, पदर खोचून बसली आणि सांगू लागली. सासऱ्याने पहिला गोठा कुठे बांधला, बनाबाई लग्न होऊन आली तेव्हा वाट कुठून होती, झऱ्यांची नावं, कोणत्या झऱ्याला कधीपर्यंत पाणी असतं. सांगताना लेकीकडे बघत नव्हती. पोरगी लिहीत होती. शेवटी मंगल म्हणाली, "मोरीचं लिव. दार कुनी जाळलं त्येबी लिव. त्या पोरांची नावं नगं. पर जाळलं ते लिव."

स्वप्नालीने ते सगळं अंगणाच्या टोकाच्या कातळावर बसून नेटवर चढवलं. पाऊस भुरभुरत होता आणि सोनबा तिच्या डोक्यावर घोंगडीची खोळ धरून उभा होता.

"आता वाचंल का त्यो?" मंगलने विचारलं. नसरापूरनंतर तिने लेकीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"वाचंल. कवा ते न्हाई सांगता येत."

दिवाळी झाली, नाचणी निघाली, तेव्हा स्वप्नाली पुन्हा आली. तिने कातळावर जाऊन मोबाईलला विचारलं आणि आईच्या कानाशी धरला. तोच गोड आवाज होता. उंबरदांड ही निर्मनुष्य वस्ती असल्याचे मानले जाते. मात्र काही स्थानिकांच्या मते तेथे आजही काही कुटुंबे राहतात.

मंगलने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"मते म्हंजी?"

"म्हंजी... तसं काही जणांचं म्हननं हाय."

"म्या हितं ऱ्हाते हे माजं म्हननं हाय?"

"आई, सहा लेखांत एक लिहिलंय, आपल्या एकात दुसरं. त्यो दोनी बाजू धरतो."

"सहा जनांनी एकाचंच उतरून काढलंय, हे त्याला कळत न्हाई?"

"न्हाई कळत."

"मग त्याला काय शिकिवलंसा तुमी?"

स्वप्नालीने मोबाईल बंद केला, आणि मंगलनेही मग ताणून धरलं नाही. पण रतनबाईच्या ओट्यावर मोबाईलवाल्या बाईच्या गोड आवाजाची नक्कल ती कधी करत नाही. रतनबाईने एकदा केली, तर उठून निघून गेली.

नसरापुरात मात्र थोडं वेगळं झालं. स्वप्नाली आता शंकेचं बटण दाबते. इतकं दाबते की गोरख वैतागतो, कारण तिच्यामुळे सगळ्यांचं काम रेंगाळतं. दोनदा वरून विचारणा झाली. ती सांगते, फोन करून विचारलं, माणसं आहेत तिथे. कधी ते मान्य होतं, कधी होत नाही.

एवढ्यात, थंडी सरत आली असताना, भरदुपारी मंगल कातळावर गोवऱ्या वाळत घालत होती तेव्हा स्वप्नालीचा फोन आला. मंगलचं माहेर वेल्ह्याच्या अंगाचं, मार्गासनीच्या पुढे डोंगरात. तिथल्याच वरच्या एका धनगरवस्तीचं नाव स्वप्नालीच्या पडद्यावर आलं होतं.

"आई, तिथं कोन ऱ्हातं का? निर्मनुष्य म्हनून आलंय."

मंगलने हातातली गोवरी खाली ठेवली. मग म्हणाली, "न्हाई. आता कोन न्हाई. गेनबा हुता एकटा, माज्या बापाच्या जोडीचा. लेक न्यायला आला तरी उतरला न्हाई. गेल्या थंडीत गेला."

"म्हंजी खरंच हाय ते. मग बरोबर करते."

"नगं करू."

"आई, खरं हाय ना पर?"

"खरं हाय. तरी नगं करू. गेनबा हुता म्हनून लिव आदी, मग न्हाई म्हन."

"तसं लिहायला जागाच न्हाई. मला दोनच बटणं, बरोबर नी चूक, न्हाईतर शंका."

"जागा न्हाई," मंगल म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की गोठ्यातून सोनबा बाहेर आला. "मानूस सत्तर वर्सं तिथं ऱ्हायला, म्हशी राखल्या, आल्यागेल्याला दूध पाजलं, नी तुमच्याकडं त्याला जागा न्हाई."

पलीकडे स्वप्नालीने शंकेचं बटण दाबलं. मागून गोरखचा आवाज आला, आता काय झालं म्हणून, आणि पोरीचं उत्तर मंगलला स्पष्ट ऐकू आलं. "माझ्या आजोळचं आहे सर. वेगळं लिहून देते." मग ती फोनवर म्हणाली, "सांग आई. म्या लिहून घेती."

मंगल तिथेच कातळावर बसली आणि गेनबाचं सांगू लागली. त्याचं आडनाव, त्याच्या बायकोचं नाव, त्याच्या म्हशी कोणत्या टाक्यावर पाणी प्यायच्या, पावसात पाहुणा आला तर तो स्वतः ओसरीत निजून त्याला आतली जागा कशी द्यायचा. सांगताना तिचा आवाज चढलेलाच होता, आणि स्वप्नाली मधेच म्हणत होती, "थांब, जरा हळू सांग."